नववं पान

९ फेब्रुवारी २०१६, मंगळवार

अण्णा म्हणतात पान काढून टाक! चोवीस पानांचं चित्रांचं पुस्तक, अकरा महिने त्याच्यात घातले, परवा फायली प्रेसला द्यायच्या, आणि आज म्हणतात — "नववं पान काढ."

मीच मूर्ख. दाखवायलाच नको होतं. पण पुस्तक त्यांच्यावरच, मग न दाखवून कसं चालेल? अठ्ठावीस वर्षं वॉलमन होते. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी, खाली सायकल, आणि गल्लीगल्लीत जाऊन पाइपाचा वॉल फिरवायचा, पाणी सोडायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या औरंगाबादचं पाणी अण्णांच्याच घरचं आहे, ते लोकांना थोडं थोडं देतात. म्हणून पुस्तकाचं नाव 'चावी'.

नवव्या पानावर चंपाबाई त्यांना कानाखाली मारते. मागच्या गल्लीतली चंपाबाई. २००३च्या दुष्काळात, नळाला पाणी आलं नाही म्हणून. मी तेव्हा बारा वर्षांची, मला कोणी काही सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी आईच्या तोंडून निघालं, भाकऱ्या थापता थापता — "चार बायांदेखत हाणली होती तिनं तुझ्या बापाला." कधी, तर म्हणे त्या दुष्काळात, दिवस कुणाच्या ध्यानात राहतो. मला तिथल्या तिथं पान दिसलं. सहा चौकटी, एक शब्द नाही. शेवटच्या चौकटीत अण्णा खाली पडलेली चावी उचलतात. सगळ्या पुस्तकात त्याच्यासारखं पान नाही. ते रेखाटताना मीच रडले होते.

अण्णांनी चष्मा लावून एकेक पान बघितलं. चौथ्याला तर हसले. ते माझ्या थोरल्या बहिणीच्या, मीनाक्षीताईच्या हळदीचं पान. नळ धो धो चाललाय, पिंप भरून वाहतंय, आम्ही पोरी भिजतोय, आणि अण्णा कानावरून पांढरा रुमाल बांधून मांडवात फिरतायत. ऊन लागलं म्हणाले होते त्या दिवशी. पाहुण्यांनी किती चेष्टा केली, पण रुमाल काही सोडला नाही! अल्बममध्येसुद्धा तसेच आहेत.

मग नववं आलं. बराच वेळ बघत बसले.

"हे काढ."

का, म्हटलं.

"काढ म्हणलं ना. बाकी लई चांगलं झालंय."

११ फेब्रुवारी, गुरुवार

काढलं. दहावं नवव्यावर आलं, अकरावं दहाव्यावर. शेवटी 'लेखिकेविषयी' म्हणून एक पान चिकटवलं. चोवीसची चोवीस झाली. माझ्याविषयी आठ ओळीसुद्धा भरल्या नाहीत.

१७ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर स्विमिंग पूल रंगवला. बीड बायपासला टॉवर होतायत, त्यांच्या माहितीपत्रकासाठी. बिल्डरच्या माणसाचे तीन फोन — "मॅडम, पाणी अजून निळं करा." केलं निळं. इकडं आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी, आणि मी ब्रश धुवायला वाटी भरून घेतली तर आई डोळे वटारते.

दुपारी काकासाहेबमामा आले. शेंद्र्याला एका कंपनीत चित्रं काढणारं माणूस पाहिजे आहे. मशिनबरोबर पुस्तिका देतात ना, त्यातली. नट कुठला, बोल्ट कुठला, बाण कुठं. मामा एकदम खूश — "परमनंट हाय, पोरी! पेन्सिलीचंच काम, म्हंजी तुझंच की!"

आईनं माझ्याकडं बघितलं. बोलायचं काय? ठरलेलंच आहे. पहिल्या दोन पुस्तकांचे गठ्ठे अजून दिवाणाखाली पडलेत. हे तिसरं. 'चावी' पुण्याच्या कॉमिक्स मेळ्यात चाललं तर पुढचं काढीन. नाही चाललं तर ब्रश गुंडाळून ठेवीन आणि एक एप्रिलला शेंद्र्याची बस धरीन. मीच कबूल केलंय. कुणी जबरदस्ती केली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

२ मार्च, बुधवार

प्रेसवाले तात्यासाहेब सकाळीच विचारत होते, "डमी आणली का?" डमी म्हणजे कागद दुमडून केलेलं कच्चं पुस्तक, कुठलं पान कुठल्या पानासमोर येतं ते बघायला. जानेवारीत केली होती, म्हटलं. तेव्हापासून एकच पान इकडचं तिकडं झालंय.

"एक पान म्हणजे लई झालं, बाई. नवी करून आणा."

अजून एकदा सगळं दुमडत बसायचा कंटाळा आला होता मला. डोळे दुखत होते. छापा, म्हटलं.

११ मार्च, शुक्रवार

प्रती दुपारी दोनला हातात आल्या, बस साडेतीनची! तीनशे प्रती, तीन खोकी. अण्णा स्टँडवर आले, दोन खोकी त्यांनीच उचलली. तिसरं चढवताना वर हात ठेवून म्हणाले, "ह्यात मी हाय, व्हय?" आणि लाजले. साठीचा माणूस, लाजला.

एक तरी प्रत काढून बघावी असं फार वाटलं. पण तात्यासाहेबांनी सुतळी अशी आवळलीय की दातांनी सुटेना. आता पुण्यातच.

१२ मार्च, शनिवार. पुणे

सगळं संपलं.

दहाला टेबल मांडलं, सुतळी कापली, वरची प्रत उघडली. थेट मधे उघडली. मधलं मोठं चित्र बघायचं होतं. बारा आणि तेरा, दोन्ही पानं मिळून एकच चित्र — वरून दिसणारं सगळं शहर, रस्त्यांखालचे पाइप उघडे, आणि बरोबर मधोमध अण्णा, वॉलमधे चावी घालून उभे. एवढ्या एका चित्राला सात आठवडे गेलेत माझे.

मधे तसलं काहीच नाही. डाव्या पानावर अर्धं शहर, उजव्या पानावर पुढची गोष्ट. मागं उलटलं. उरलेलं अर्धं तिथं, त्याच कागदाच्या पाठीमागं. एक पान काढलं आणि पुढची सगळी एकेक घर मागं सरकली. बारा-तेराचं अकरा-बारा झालं. चावी अकरावर, अण्णांचा हात बारावर. मधे कागद.

पहिल्या वर्षाच्या पोरालासुद्धा कळतं हे. डावं-उजवं. मी नऊ वर्षं हेच काम करतेय! कम्प्युटरवर एकेक पान बघत बसले आणि दुमडून बघितलं नाही. तात्यासाहेब सांगत होते तरी.

तीनशेच्या तीनशे.

दिवसभर खुर्चीवर बसले. समोरून कॉमिक्समधली सोंगं घेतलेले तलवारीवाले, पंखवाले, निळ्या केसांचे लोक जात होते. शेजारच्या टेबलवर हिमांशू म्हणून मुंबईचा मुलगा, मांजरांचे स्टिकर विकतो. त्याच्याकडं रांग. माझ्याकडं लोक यायचे, मुखपृष्ठ बघून "वा" म्हणायचे, मधे उघडायचे, कपाळाला आठी. एका मुलीनं तर चांगल्या मनानं सांगितलं — "ताई, तुमची पानं चुकलीत बहुतेक." बहुतेक!

संध्याकाळपर्यंत दोन प्रती गेल्या. त्यातली एक हिमांशूनं घेतली, कीव येऊन.

१३ मार्च, रविवार. पुणे

आज एक गृहस्थ आले. मूळचे बीडकडचे, पुण्यात राहून वीस वर्षं झाली म्हणाले. त्यांनी उभ्यानं सगळं पुस्तक वाचलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. तुटलेल्या चित्रापाशी थांबले, पान मागंपुढं केलं, पुढं वाचत गेले.

मग म्हणाले, "चित्रं लई भारी. पण एक सांगू का? हा माणूस कधी चुकतच नाय का, हो? आमच्याकडचा वॉलमन तर लई बेरकी होता." हसले, प्रत खाली ठेवली आणि गेले.

राग आला मला. त्यांना काय माहीत अण्णा! पानं चुकली तर चुकली, माणूस तरी बरोबर आहे. तेवढं एकच उरलंय ह्या पुस्तकात.

१४ मार्च, सोमवार

घरी आले. "कसं झालं?" — "चांगलं झालं." खोकी दिवाणाखाली. पहिल्या दोन गठ्ठ्यांना सोबत.

२१ मार्च, सोमवार

मामांना फोन करून हो सांगितलं. ते ओरडलेच आनंदानं. ब्रश धुतले, वाळवले, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळले. आईनं विचारलं, जेवायला काय करू? हे असं ती पाहुण्यांना विचारते.

वाईट वाटतं का? वाटत नाही. हात सुन्न झाल्यासारखा वाटतो फक्त. सकाळी उठते आणि काही काढावंसं वाटत नाही. असं कधी झालं नव्हतं. पहिल्या पुस्तकाला सात गिऱ्हाइकं मिळाली, तेव्हासुद्धा दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसले होते.

२४ मार्च, गुरुवार

धुळवड. कोरडीच. कोपऱ्यावर टँकर उभा होता आणि बाया भांडत होत्या. खिडकीतून बघितलं. पूर्वी वही घेऊन धावले असते.

२६ मार्च, शनिवार

आज बोलले. बोलायला नको होतं ते.

आई दिवाणाखाली झाडत होती. म्हणाली, "हे गठ्ठे रद्दीत देऊ का? जागा अडती." अण्णा पेपर वाचत होते, तिथूनच म्हणाले, "रद्दीत कशाला? चांगलं पुस्तक हाय. गल्लीत वाटू लोकायला."

चांगलं पुस्तक! काय झालं मला कुणास ठाऊक. एक प्रत ओढली आणि त्यांच्या मांडीवर टाकली. "उघडा मधे. बघा. कुठाय तुमचा हात? तुमच्या त्या एका पानापायी सगळं पुस्तक बसलं! एका बाईनं मारलं ते जगाला कळू नये म्हणून! एवढी कसली लाज?"

आई झाडू घेऊन तशीच उभी. अण्णांनी पान उलटलं. परत उलटलं. बोटानं चावीपासून कागदाच्या कडेपर्यंत आले, मागं गेले, हात शोधला. त्यांना समजायला वेळ लागला नाही. जन्मभर पाइप जोडले आहेत त्यांनी.

"हे मला सांगितलं नाही तू," एवढंच म्हणाले.

चूक माझी आहे. डमी मी केली नाही. तरी त्यांच्यावर ढकलली, आणि ढकलताना बरं वाटलं. हे इथं लिहून ठेवते. दुसरीकडं कुठं सांगणार!

२७ मार्च, रविवार

अण्णा जेवले नाहीत. मीही नाही. आई दोघांवर चिडून एकटीच जेवली.

३१ मार्च, गुरुवार

सकाळी अण्णा माझ्या टेबलाशी येऊन बसले. नववं पान दे म्हणाले. मूळ चित्र काढून दिलं. त्याच्याकडं बघतच बोलले.

"मार खाल्ला म्हणून काढ म्हणलो नव्हतो. तू मला लई गरीब काढलं हितं. त्या दिवशी चंपाबाईच्या गल्लीचं पाणी मी सोडलंच नव्हतं. तिचं नातवंड आठ दिवसाचं होतं घरात. मला ठाऊक होतं. तरी त्यायच्या वाट्याचं सगळं आपल्या गल्लीत फिरवलं. मीनाक्षीची हळद होती. पाहुणे होते."

मी चौथं पान बाहेर काढलं. नळ धो धो. पिंप वाहतंय. आम्ही पोरी भिजतोय. आणि अण्णांच्या कानावर पांढरा रुमाल. मीच काढलाय.

कागद घेऊन नवी डमी दुमडली. चौथं पान आहे तिथंच, डावीकडं. त्याच्यासमोर, पाचव्यावर, चंपाबाई. मधली पानं एकेक पुढं सरकली, 'लेखिकेविषयी' गळालं आणि मोठं चित्र परत बारा-तेरावर आलं. चावीही, हातही.

उद्या शेंद्रा. बस साडेसातची.

अण्णा बराच वेळ चार आणि पाच बघत होते. मग म्हणाले, "तिचा हात जरा मोठा काढ."

साडीचा तुकडा सोडून ब्रश बाहेर घेतले.