बीबीच्या दारातला उपदेशक

सौ. कोकिळेस,

आशीर्वाद लिहीत नाही. कालच्या प्रकारानंतर तो द्यायची माझी लायकी उरलेली नाही.

मी ख्रिस्ती झालो तेव्हा "मी बाटणार नाही" म्हणून तू बीबी गावी माहेरी गेलीस. इकडे डोणगावच्या बाजारात मी घसा फोडून सांगतो, "देवानं माणसाला स्वतंत्र इच्छा दिली. तो दार ठोठावतो, मोडत नाही." आणि काल तुझं दार मी ठोठावलं ते ओळखीच्या पोलीस शिपायाच्या दंडुक्यानं!

तू साऱ्या आळीसमोर विचारलंस, "तुमच्या देवानं तुमाले मोकळं सोडलं, मंग तुम्ही मले काऊन ओढून नेऊन राह्यले?"

शिपाई फकीर मोहम्मदला हसू आवरेना. "जवाब द्या ना, मास्तर! रोज तर लय बोलता."

मी शिपायाला घेऊन तसाच परत फिरलो. देव माझ्यासारखा असता, तर त्यानं आदमाला बागेत बेड्या घालूनच ठेवलं असतं.

तू यावंस असं अजूनही वाटतं. पण पत्र तुझ्या वडिलांच्याच हाती पडणार; ही माफी वाचून ते विरघळतील आणि तुला न विचारता गाडीत बसवतील. म्हणून पत्र टपालात टाकत नाही.

तुझा म्हणवून घ्यायलाही तुझीच परवानगी लागेल असा,
दौलत