गावात कोणी पीत नाही

पापडी, वसई
१० फेब्रुवारी २०२५

ती. आल्बिनाबाय हिस,
जय ख्रिस्त. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाच्या यंत्राचं आणि फोनचं पटत नाही, म्हणून पत्र.

किळस आली गं. काल रविवारची मिस्सा सुटल्यावर देवळाच्या हॉलमध्ये आरोग्य तपासणी होती. तिशीपुढच्या प्रत्येकाला प्रश्न : तंबाखू? दारू? घरात कोणाला मधुमेह? उत्तरांना गुण, गुण जास्त तर पुढची तपासणी. कल्पना उत्तम. पण विचारायचं कसं, तर भर रांगेत, मोठ्याने! मागे अख्खं गाव कान टवकारून. शेजारचा गॉडफ्रे म्हणे, दारूला शिवतसुद्धा नाही. तोंडाला आदल्या रात्रीचा भपकारा! नर्सबाईंनी वर न बघता 'नाही' लिहिलं. गावात एकही पिणारा निघाला नाही. मी खरं सांगितलं, शनिवारी दोन पेग, तर मलाच हसले. मी सातिवलीत पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो, पुस्तकं आणून स्वतः शिकलो. मोटार उघडल्याशिवाय ठीक आहे म्हणत नाही. इथे माणसं न उघडताच ठीक!

प्रिस्काची तर वाचाच बसली. बायकांचे प्रश्न आले, छातीत गाठ वगैरे. शेवटी मीच नाही सांगून तिला सोडवलं. बायको ठणठणीत आहे.

माया आहे तशी असू दे.
तुझा धाकटा भाऊ स्टॅनी

नाशिक
१७ फेब्रुवारी

चि. स्टॅनीस,
अ. आ.

किळस मलाही आली, पण गॉडफ्रेची नाही. शहाण्या, तू प्रिस्काला विचारलं होतंस?

नाताळात इथे आली तेव्हा तिने माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. सुपारीएवढी गाठ. तुला सांगू नको म्हणाली, तू पुस्तक उघडून तिलाच शिकवत बसशील म्हणे. देवळात तपासणी होणार आहे, तिथे नर्सबाईंना नक्की सांगेन, असा शब्द तिने दिला होता, म्हणून मी गप्प राहिले. आज माझा शब्द मोडते. ती हिंमत करून रांगेत उभी राहिली आणि उत्तर तू दिलंस.

तिला घेऊन जा. तू दाराबाहेर बस.

तुम्हा दोघांची,
आल्बिनाबाय

पापडी
२२ फेब्रुवारी

ती. बाय,
सा. न. वि. वि.

गेलो दवाखान्यात. तिथेही तेच! प्रिस्का समोर बसलेली, आणि डॉक्टरबाई मला विचारतात, काका, मिसेसला काय त्रास? मी म्हटलं, तोंड तिला आहे, तिला विचारा. दार ओढून घेतलं नि बाकावर बसलो.

तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. इतकं सलग ती माझ्याशी कधी बोललेली आठवत नाही. त्या बाकावर मला गॉडफ्रेपेक्षा माझीच जास्त शिसारी आली.

सोमवारी सुई घालून गाठीचा तुकडा काढणार आहेत. रिक्षात मी विचारलं, काय काय विचारलं त्यांनी? म्हणाली, सगळं. तू काय सांगितलंस? तर म्हणे, तेही सगळं.

रिपोर्ट घ्यायलाही ती एकटीच आत जाणार आहे. मला बाहेर थांबायला सांगितलंय. थांबेन.

तिच्यासाठी रोझरी म्हण.
स्टॅनी