अडवलेलं टपाल

प्रिय भाचेबुवा,

'प्रिय' लिहिलं, कारण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पत्राची सुरुवात सभ्यपणे करायला शिकवलं होतं. पुढचं सभ्य असेलच असं नाही. मेलच करणार होते, पण तुझ्या राज्यात मेलवरचा माझा विश्वास उडाला आहे. म्हणून हा कागद, शेजारच्या ताईंच्या हाती.

निवृत्त होताना हॉस्पिटलची वेबसाइट तुझ्याकडे सोपवली, तेव्हा घसा कोरडा पडेपर्यंत एकच गोष्ट सांगितली होती. प्रोग्रामरच्या कामाची अवजारं एका गटात, रुग्णांच्या साइटला चालायला लागणारी पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, दुसऱ्या गटात. सरमिसळ करू नकोस. तू हसलास. म्हणे, मावशी, तुझी कपाटं लावायची हौस कोडमध्येही शिरली!

त्या अवजारांत एक मेल अडवणारं होतं. चाचणी करताना खऱ्या रुग्णाला भलतंच काही जाऊ नये, म्हणून ते प्रत्येक मेल पकडून बाजूला ठेवतं आणि वर 'पाठवला' असं सांगतं. तुला दोन गट सांभाळायचा कंटाळा आला, तू ते एक करून टाकलेस. अवजार थेट रुग्णांच्या साइटवर जाऊन बसलं आणि इमानेइतबारे सगळ्यांचे मेल गिळत राहिलं. तुझ्या स्क्रीनवर हिरव्या खुणा. साहेब खूश.

इकडे तुझी आई रोज फोन हातात धरून बसायची. गाठीच्या तपासणीनंतर गरज असेल तरच साइटवरून मेल करून बोलावू, असं तुझ्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मेल येईना, तसा तिचा चेहरा उजळत गेला. परवा तिने पडदे धुतले, माझ्याशी कडाकडा भांडलीसुद्धा. म्हणजे आपण बऱ्या आहोत, हे तिने ठरवूनच टाकलं.

काल डॉक्टरीणबाईंचाच मला फोन. बोलावूनही तुमची बहीण आली का नाही? उपचार आणखी लांबवता येणार नाहीत. उद्या सकाळची वेळ घेऊन मी तुला कळवलं, तर तुझं उत्तर काय, तर मावशी, तूच सांग ना तिला, आणि सर्व्हर बिघडला होता म्हण.

वा रे पठ्ठ्या! सर्व्हर धडधाकट होता. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही, आणि खोटं तर मुळीच सांगणार नाही. आत्ता ती आतल्या खोलीत गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालते आहे. संध्याकाळपर्यंत गुणगुणू देते. मग तू ये, तिच्यासमोर बस आणि काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. नाही आलास तर मी सांगेन, आणि मी काही गाळून सांगत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आज नाइलाजानेच तुझी,
मावशी