आक्काताईंचं निरसं दूध

९ जानेवारी १९८६
पहाटे रंकाळ्यावर धुकं. पलीकडचा काठ दिसेना. चालताना डोक्यात तानाजीच. गेल्या वर्षी मुंबईत त्याला आईची किडनी बसवली, तेव्हापासून इथे त्याला बघणारी डॉक्टर मी एकटीच. आता ताप. येतो, जातो, पुन्हा येतो. एक्स-रे साफ, लघवी साफ. मग कुठून येतोय मेला?

११ जाने.
नर्सिंगच्या मुलींचा तास. सांगितलं, शरीराने दुसऱ्याची किडनी झिडकारू नये म्हणून आपण गोळ्या देऊन त्याची ताकदच कमी करतो. मग जंतूंना दार उघडंच. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मग बाई, पेशंटनं जगायचं कसं?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि फळ्यावर गोळ्यांची नावं लिहायला घेतली.

१२ जाने.
दुपारी खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात तास रंकाळ्याच्या पाण्यावर भरलेला. मुली बाकांसकट तरंगतायत, मी काय शिकवतेय ते मलाच ऐकू येत नाही. ऐकू येतोय फक्त म्हशीच्या धारांचा आवाज, चरवीत पडणाऱ्या. जागी झाले ती तडक वॉर्डात.
"तानाजी, दूध कुठलं पितोस रे?"
"घरचंच की बाई. आई धार काढती आन् तसंच देती. ऊन ऊन."
"न तापवता?"
"तापवल्यावर त्यात काय ऱ्हातंय?"
गंगावेशीत उभ्या उभ्या धारोष्ण दूध पिणारं आमचं गाव. मीही त्यातलीच. पण आमची किडनी आमची आहे. रक्त मिरजेला पाठवलं.

१६ जाने.
रिपोर्ट आला. निरशा दुधातलाच जंतू. सापडला एकदाचा! आनंद चहा संपेपर्यंत टिकला. या जंतूवरचं औषध किडनी जपणाऱ्या गोळ्यांचा जोर खाऊन टाकतं. द्यावं तर किडनी जाईल, न द्यावं तर तानाजीच. किडनी बसवणाऱ्या डॉक्टरांना मुंबईला ट्रंक कॉल. खरखरीतून कसाबसा आवाज, "पेशंट तुमच्यासमोर आहे, तुम्हीच ठरवा." सुरू केलं. भीती वाटतेय.

२१ जाने.
ताप उतरला. पण लघवी कमी. किडनी रुसली की काय... सकाळीच रक्त पाठवलंय.
व्हरांड्यात तानाजीची आई, आक्काताई, स्टोव्हवर दूध उकळत बसलेल्या. उकळी येऊन गेली तरी उतरवेनात. म्हटलं, पुरे आता.
"बाई, खरं सांगा. म्या दिल्याल्या दुधानंच ह्यो ताप आला न्हवं?"
पेशंटच्या माणसांशी खोटं बोलू नका, हे मुलींना मीच शिकवते.
"हो, आक्काताई."
पदराने भांडं उतरवून त्या दुधावर धरणारी साय बघत राहिल्या.
"आन् किडनी? ती बी म्याच दिलीया की. ती ऱ्हाईल न्हवं?"
रिपोर्ट उद्या. त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. दूध निवत होतं.