वहीत नसलेला प्रश्न

तीर्थरूप आई, इथूनच तुझ्या पाया पडते.

इंग्रजीची तोंडी परीक्षा पास झाले! आता वॉर्डात मला कायमची नर्स म्हणून घेतील.

सरावाच्या प्रश्नोत्तरांची अख्खी वही पाठ केली होती, पण परीक्षक बाईंनी भलतंच विचारलं, “म्हाताऱ्या आईला सोडून परदेशात राहणं बरोबर आहे का?”

मग म्हटलं, “बाई, मी इथे दुसऱ्यांच्या आयांचं करते, माझ्या आईचं माझा भाऊ करतो. बरोबर की चूक, ते आमचं आम्ही बघू. तुम्ही माझं इंग्रजी तपासा.” क्रियापदं चुकली असतील, पण मान खाली घातली नाही.

दादा प्रत्येक पत्रात ‘सगळं ठीक’ लिहितो. तुझा गुडघा पुन्हा सुजला असेल तर सुजलाय म्हणून कळव. मी नर्स आहे, घाबरत नाही.

तुझीच हट्टी,
धाकटी