काळा पट्टा, पांढरा पट्टा

नळदुर्ग, मंगळवार रात्र

पत्र्याची शेड, ठोसे मारायचं भुशाचं पोतं, पोरांचे कराटेचे ड्रेस आणि माझा काळा पट्टा, सगळं या हातांनी केलेलं. कराटेही पुस्तकातली चित्रं बघूनच शिकलो. पट्टा बांधताना डावी बाजू उजवीवर, गाठ बेंबीखाली, दोन्ही टोकं सारखी. बोटभर फरक दिसला तरी पोराला परत बांधायला लावतो.

आज शाळेचे संस्थाचालक शेडवर आले. "सर, आमच्याकडं शिकवायला या. पण सर्टिफिकेट न्हाय तुमच्याकडं. सोलापूरच्या कराटेच्या सरांपुढं पांढऱ्या पट्ट्यापासून परीक्षा द्या, पोरांच्याच रांगेत." पोरं ऐकत होती. मी आपला पट्ट्याची टोकं जुळवत उभा.

घरी बायको म्हणाली, "अवो, पांढरा बांधला तर अंगाला भोकं पडत्यात व्हय?"

भोकं नाही पडत. पण मग इतकी वर्षं बांधला तो काळा काय होता? आणि नाही बांधला, तर माझ्या पोरांना परीक्षेला कोण बसवणार? एकेक करून सोलापूरच्या सरांकडंच जातील. जेवायला बसलो तरी पट्टा कमरेलाच. टोकं परत पाहिली. सारखीच आहेत.

महिना पंधरा हजार देत होते. शेडवरच त्यांना नको म्हणालो.