आईचं बोलणं

परळी, रविवार, संध्याकाळी साडेसहा

ब्लॉगरांच्या मेळाव्याहून परतले. दोन वर्षं ब्लॉगवर एक ओळ लिहिलेली नाही. आज मात्र विषय घेऊन आले. आष्टीची एक बाई तिथे भेटली, आपल्या आईचं बोलणं जसंच्या तसं लिहिते. मला म्हणाली, "तुजी आई गेली म्हणतीस, मग तिचं बोलणं कावून लिहीत न्हाईस? इसरायच्या आत लिही की गं."

आल्या आल्या आईच्या आजारपणातली वही काढली. ताप, रक्तदाब, गोळ्यांच्या वेळा, सगळं मिनिटासकट. आईचं वाक्य एकही नाही. शेवटच्या आठवड्यात फक्त एवढंच: "दुपारी आई बरंच बोलली." त्याखाली लगेच, ताप १००.४.

बरंच म्हणजे किती? कशाबद्दल? बरंच बोलली, एवढं लिहायचं सुचलं आणि पुढचं नाही?

बाबा भाजी निवडत होते. त्यांना विचारलं, "त्या दुपारी आई काय बोलत होती?"

"मी डुटीवर होतो. तूच होतीस की जवळ." मग म्हणाले, "आलो तवा लई खूश होती. म्हणली, आज पोरीशी पोटभर बोलले."